साठा आणि दाब
'५० वर्षांत तेल संपेल' असं एका लेखात म्हटलंय. हा आकडा सिद्ध साठ्याला वर्षाच्या उत्पादनाने भागून येतो. पण सिद्ध साठा म्हणजे आजच्या भावात, आजच्या तंत्राने निघेल तेवढंच तेल. भाव चढला की तोही वाढतो. मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचंच बघा: १९७४ला सापडलं, १९७६ला उत्पादन सुरू. अर्ध्याहून जास्त तेल अजून तिथल्या चुनखडीच्या खडकातच आहे, घटलाय तो ते वर ढकलणारा दाब. तो टिकवायला समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून खाली खडकात सोडतात. ऑक्सिजन राहिला तर पाइप गंजतात, गाळ राहिला तर चुनखडीतली छिद्रं बुजतात. पुढे हेच पाणी भेगांतून तेलविहिरीत शिरतं आणि तेल कमी, पाणीच जास्त वर येतं. ते उपसायचा, वेगळं करायचा खर्च चढत जातो. विहीर आटण्याआधीच परवडेनाशी होते, ती अशी.