‘93 टक्के’वाल्या मेसेजबद्दल खुलासा

‘सेबी म्हणते, 93 टक्के लोक घाबरून शेअर विकतात म्हणून बुडतात, मन घट्ट करा,’ हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. रंकाळ्यावर चहा घेता घेता आमच्या तालमीच्या ग्रुपवर मीही तो ढकलला होता. चूक माझी.

सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, सप्टेंबर 2024 चा अहवाल काढून वाचला. 93 टक्के आकडा खरा, पण तो फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (भाव पुढं चढेल की पडेल यावर केलेल्या सौद्यांत) तोटा झालेल्या वैयक्तिक ट्रेडर्सचा, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांतला. साध्या शेअर गुंतवणुकीचा नव्हे. उलट, सलग तोटा होऊनही त्यातल्या 75 टक्क्यांहून जास्त जणांनी ट्रेडिंग सोडलंच नाही. याला भीती कसं म्हणायचं, भावांनो? ‘गेलेलं काढतोच’ ही ईर्षाच म्हणा की!

जुना मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर तिथंच हे टाका.