सुधाकरची दारू नंतर, अपमान आधी

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे दारूवरचं नाटक आहे असं आपण शाळेपासून ऐकत आलो. व्यसनमुक्ती सप्ताहातली भाषणं घ्या, वक्तृत्व स्पर्धा घ्या, सगळीकडे तेच. ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदी लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात 'तळीरामांना दणका' हा मथळा ठरलेला. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकातला तळीराम नावाचा कारकून अजून क्राइम रिपोर्टरच्या कामी येतोय, हे गडकऱ्यांचं यशच म्हणायचं. पण तळीरामाच्या नादात आपण सुधाकरकडे नीट बघितलंच नाही, असं माझं मत आहे. आणि हे नाटक मुळात सुधाकरचं आहे.

नाटक १९१७चं. गडकरी २३ जानेवारी १९१९ला सावनेरला वारले, वय अवघं ३३. त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात पहिला प्रयोग केला. पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. सुधाकरची बायको सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा. म्हणजे लेखकाने हे नाटक रंगभूमीवर पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर 'दारूबंदीचं नाटक' हा शिक्का त्यांना आवडला असता का, कोण जाणे. मला शंका आहे.

आता सुधाकर कोण आहे ते बघा. गरिबीतून, स्वतःच्या अकलेवर वर आलेला वकील. पाठीशी बापाची इस्टेट नाही की काकांची ओळख नाही. जे आहे ते स्वतः कमावलेलं. बायको श्रीमंत घरची आणि तरी त्याच्यावर जीव टाकणारी. रामलालसारखा मित्र. गावात नाव. एवढं सगळं चाललेलं असताना कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो आणि वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते.

काही काळासाठी! कायमची नाही. पिढ्यान्‌पिढ्या वकिली असलेल्या घरातला मुलगा असता तर म्हणाला असता, ठीक आहे, तेवढे दिवस कोकणात जाऊन आंबे खाऊ, परत येऊन बघू या मुन्सफाकडे. सुधाकरला ते जमत नाही. त्याची हुशारी हीच त्याची जात, तेच घराणं, तीच इस्टेट. भर कोर्टात तिच्यावरच घाव बसला. कालपर्यंत अदबीने बोलणारे आज आपल्यावर हसत असतील, या विचाराने त्याची झोप उडते. कोणी खरोखर हसत होतं की नाही, हे आता महत्त्वाचं राहत नाही.

तळीराम येतो तो इथे. तो मोहात पाडत नाही, मजा येईल म्हणत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की एक प्याला घ्या आणि थोडा वेळ हे सगळं विसरा. सुधाकर जी वस्तू घेतो ती त्याच्या लेखी दारू नसून अपमानावरचं औषध आहे. प्याला पुढे करणारा हात त्याच्याच कारकुनाचा आहे, हे गडकऱ्यांनी मुद्दाम केलेलं असणार. बरोबरीच्या माणसासमोर सुधाकर आपलं दुःख उघडं करू शकत नाही. मित्राकडे जाऊन 'मला फार लागलंय रे' म्हणणं त्याच्या अंगातच नाही. हाताखालच्या माणसासमोर मात्र कोलमडलं तरी चालतं, कारण त्याच्या मताला किंमत नसते.

शेक्सपिअरचा मॅकबेथ आठवतो. आपल्याकडे शिरवाडकरांनी त्यावरून 'राजमुकुट' केलं. मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा असं समीकरण आपण पाठ केलेलं आहे. पण तो लढाई जिंकून आलेला आहे, कॉडरची सरदारकी त्याला न मागता मिळालेली आहे, आणि नेमक्या त्याच वेळी राजा सगळ्यांदेखत आपल्या मुलाला वारस जाहीर करतो. मान मिळाला, पण पुरा नाही. चेटकिणींचं भाकीत बँकोनेही ऐकलेलंच असतं, तो काही सुरा घेऊन निघत नाही. मॅकबेथला निदान नवीन काही हवं होतं. सुधाकरला तर फक्त कालचं परत हवं होतं, म्हणून तो मला जास्त जवळचा वाटतो. सिंहासनाची हाव आपल्यातल्या कितीजणांना असते? अपमान मात्र घरोघरी होतो.

आमच्या ओळखीतला एक मुलगा, नाव-गाव सोडा. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच. परीक्षा पास झाला, मोठ्या हुद्द्यावर लागला. गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला, 'आमच्या गावचा अभिमान', खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे. दोन-तीन वर्षांनी कसल्याशा चौकशीत निलंबन झालं. पुढे त्यातून सुटलाही. पण मधल्या काळात तो गावाकडे फिरकला नाही. आजी आजारी होती तरी आला नाही. आई विचारायची, अरे, कोण काय म्हणणारे? त्याला उत्तर देता येत नव्हतं, पण मला ते ठाऊक होतं. फ्लेक्सवरचा तो माणूस आता आपण नाही, हे त्याला सहन होत नव्हतं. तो फ्लेक्स तोवर कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर पावसासाठी अंथरलेला होता, म्हणजे गाव केव्हाच विसरून गेलं होतं.

पहिल्या पिढीच्या यशाची आपण फार कौतुकं करतो आणि करावीतच. पण 'तू नुसता पुढे जा' एवढंच त्या पोराला सांगतो. एखाद्या दिवशी चारचौघांत कोणी वाटेल तसं बोललं, तर घरी येऊन गपचूप वरण-भात कसा खायचा, हे कोणी शिकवत नाही. खानदानी माणसाला ते आपोआप येतं. त्याने बापाला, आजोबाला पडताना आणि उठताना पाहिलेलं असतं.

नाटकातला मला सगळ्यात कठीण जाणारा भाग शेवटचा नाही. मूल जातं, सिंधू जाते, सुधाकर विषाचा प्याला घेतो, तिथे थिएटर रडतंच. मला त्रास होतो त्याच्या आधी. सुधाकर दारू सोडतो. खरोखर सोडतो, शपथ घेऊन. आणि काम मागायला बाहेर पडतो. ज्यांच्या बरोबरीने, कदाचित ज्यांच्या वर, तो कालपर्यंत वावरला त्यांच्या दारात उभा राहतो. मिळतं काय? उपदेश, टोमणे, आणि दार बंद. दारू पिणाऱ्या सुधाकरला समाजाने फार काही केलं नव्हतं. दारू सोडलेल्या सुधाकरला मात्र चांगल्या, निर्व्यसनी, प्रतिष्ठित माणसांनी मिळून परत प्याल्याकडे ढकललं. व्यसनमुक्तीच्या भाषणांत हा भाग का येत नाही, ते उघड आहे. समोर खुर्च्यांवर तीच माणसं बसलेली असतात.

आणि तरीही सगळं खापर समाजावर फोडून सुधाकरला सोडून देणं मला पटत नाही. कारण गडकऱ्यांनी शेजारीच भगीरथ उभा केलाय. तोही दुखावलेला, प्रेमभंगातून दारूकडे वळलेला, सुधाकर जातो त्याच दारूबाजांच्या मदिरा मंडळात बसणारा. रामलाल हात पुढे करतो आणि भगीरथ तो धरतो, बाहेर पडतो. तोच हात सुधाकरलाही मिळतो. पण मदत घ्यायची तर आधी आपण खाली आहोत हे कबूल करावं लागतं. घरात दाणा नसताना सासरचा पैसा नको, हा त्याचा हट्ट. दळण मात्र सिंधू दळणार! याला लोक स्वाभिमान म्हणतात. मला तो शुद्ध माज वाटतो, आणि त्याचं बिल दुसऱ्याने भरायचं. सिंधूच्या पातिव्रत्यावर मी इथे काही लिहीत नाही. लिहिलं तर आमच्या मावश्या मला घरात घेणार नाहीत.

रामलालबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. नाटकातला हा सगळ्यात शहाणा माणूस. आणि गडकरी त्यालाही सोडत नाहीत. बालविधवा शरद, जिचा तो पालक, तिच्याबद्दलच त्याचं मन घसरतं. सुधाकरला सावरू पाहणाऱ्याचाच पाय निसटायला लागतो. फरक एवढा, की रामलालला ते स्वतःचं स्वतःला दिसतं, तो शरमतो आणि तिला भगीरथाच्या हाती सोपवतो. असा प्रवेश लिहायला धाडस लागतं. उपदेशपर नाटक लिहिणाऱ्याने रामलालला धुतल्या तांदळासारखा ठेवला असता.

आता कोणी हे नाटक नव्याने बसवणार असेल तर एक विनंती. पहिल्या अंकातला सुधाकर चांगला रुबाबदार घ्या, बुद्धीची थोडी घमेंड असलेला, बघताक्षणी आवडेल असा. पुढचं सगळं माहीत असल्यासारखा पडेल चेहऱ्याने तो आत आला तर नाटक तिथेच संपतं. वेळ कमी पडत असेल तर दोन पदं गाळा, गुर्जरांची क्षमा मागून. पण काम मागत हिंडणाऱ्या सुधाकरला कात्री लावू नका.