‘असंच असतं’ हे आमचं उत्तर चुकलंच

नमस्कार. तुमची दोन ताऱ्यांची प्रतिक्रिया वाचली. आमच्याकडून घेतलेलं अडीच लाखांचं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ (हाताच्या हालचालीने चावी बसणारं) रोज १२ सेकंद पुढे जातं, मुलाचं दोन हजारांचं, सेलवर (बॅटरीवर) चालणारं घड्याळ महिन्यात तेवढंही हलत नाही, दुकानात विचारलं तर ‘असंच असतं’ म्हणाले, आणि सर्व्हिसिंगला २० हजार लागतात हे घेतल्यावर कळलं. म्हणून पैसे परत हवेत, आणि ही घड्याळं म्हणजे नुसता दिखावा, असं तुमचं म्हणणं.

आधी आमची चूक. तुमचं घड्याळ प्रमाणित क्रोनोमीटर आहे, म्हणजे अचूकतेची चाचणी पास झालेलं. त्या प्रमाणपत्रासाठी यंत्राचा सरासरी फरक दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढ्यात बसावा लागतो. १२ म्हणजे जास्तच. आमच्या दुकानातल्या मुलाने ते तपासणीच्या मशीनवर लावून बघायला हवं होतं, तुमची बोळवण करायला नको होती. रात्री ते टॅबच्या कव्हरवर ठेवता, असं तुम्हीच लिहिलंय. त्या कव्हरात लोहचुंबक असतात. आतली केसासारखी हेअरस्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळायला लागतं. न तपासता छातीठोक सांगत नाही, पण तसंच असेल तर ते चुंबकत्व काढणं पाच मिनिटांचं काम आहे. त्याचे पैसे नाहीत.

सर्व्हिसिंगचा खर्च विकतानाच सांगायला हवा होता. आतलं तेल काही वर्षांनी सुकतं, यंत्र उघडून, धुऊन पुन्हा जुळवावं लागतं. यापुढे हा आकडा बिलावरच लिहून देऊ.

आता मुलाच्या घड्याळाबद्दल. तुमचं आम्ही कितीही नीट लावून दिलं तरी वेळेच्या बाबतीत ते हरणारच. मुलाच्या घड्याळातला क्वार्ट्झ (स्फटिक) सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तुमचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, सेकंदाला जेमतेम ८ ठोके देतं. डिसेंबर १९६९ मध्ये सेइकोने जपानमध्ये पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हाच हा सामना संपला. अचूक वेळ तर खिशातल्या फोनवर फुकट मिळते.

पण दिखावा म्हणाल तर मी भांडेन. दिखाव्याला डायल पुरते. तुम्ही घड्याळ पालथं करून मागच्या काचेतून ते चाक बराच वेळ बघत बसला होता, चहा गार झाला होता. ना सेल, ना वायर; तुमच्याच हाताच्या हालचालीने गुंडाळलेली एक स्प्रिंग आणि तासाला २८,८०० ठोके! माझ्या वडिलांचं एचएमटी जनता, चावीचं, आजही माझ्या टेबलावर टिकटिकतं. त्याची किंमत काहीच नाही, पण ओढ तीच. तुमच्या घड्याळात तीच गोष्ट फार निगुतीने केलेली आहे. आमच्या घड्याळजींनी भिंग लावून आतल्या भागांच्या घासून गुळगुळीत केलेल्या कडा दाखवल्या, तर कळेल पैसे कुठे गेले. थोडे नावाचेही गेले, ते नाकारत नाही.

वर्षभर वापरलेलं घड्याळ परत घेता येणार नाही. वॉरंटीतली दुरुस्ती मात्र पुरती करून देऊ. घड्याळजी दुपारी चारनंतर असतात. वॉरंटी कार्ड आणा, दोन दिवस घड्याळ आमच्याकडे राहू द्या. आणि टॅब घरीच ठेवून या.