गुलाबी घातला, कलेजी निघाला

भट्टीत कुठल्या रंगाचा मणी ठेवला हे विचारू नये. सकाळी कुठल्या रंगाचा निघाला तेवढंच विचारावं, आणि तेही जरा हळू आवाजात.

गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीत काचेची कांडी वितळवायची, मातीचा लेप दिलेल्या स्टीलच्या सळईवर गुंडाळायची, की झाला मणी. एवढ्यावर भागलं असतं तर मी सुखी बाई असते. पण काच बाहेरून आधी निवते, आतून मागाहून. या ओढाताणीत अंगात राहिलेला ताण मणी मुकाट्याने सोसतो आणि पुढे कधीतरी, बहुधा गिऱ्हाईकाच्या गळ्यात, तडकतो. म्हणून त्याला भट्टीत ५१० अंश सेल्सिअसच्या आसपास थोपवून धरायचं आणि मग सावकाश निवू द्यायचं. हे अॅनीलिंग. (हा आकडा माझ्या, इटलीतल्या मुरानो घराण्यातल्या मऊ काचेचा. बोरोसिलिकेटवाले, म्हणजे कडक काचेवाले, ५६५ च्या आसपास जातात आणि आमच्याकडे जरा वरूनच बघतात.)

म्हणजे मणी वाचवायला भट्टी, आणि मण्याचा रंग घालवणारीही तीच.

सगळ्यात नाटकी गुलाबी. त्या कांडीत खरं सोनं असतं आणि किंमतही तशीच असते. सोन्याचे कण अतिसूक्ष्म असेतोवर काच गुलाबी दिसते. उष्णतेत रेंगाळली की कण वाढत जातात आणि राणी रंगाची थेट कलेजी होते, खाटकाच्या दुकानात शोभेल अशी. जर्मनीत योहान कुंकेल नावाचा किमयागार सोन्याची लाल काच करायचा. ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याने १६८५ साली त्याला बेट दिलं, अख्खं. मला सोसायटीने गच्चीतला कोपरासुद्धा दिलेला नाही.

पारदर्शक लाल-केशरी कांड्यांत सोनं नसतं, कॅडमियम आणि सेलेनियम असतं, नखरे तेच. मणी ज्योतीतून काढला की फिकट पिवळट दिसतो. जरा निवू देऊन परत तापवला की रंग चढायला लागतो. अढीतल्या आंब्यासारखं आहे हे: पिकायला ऊब हवी, पण वेळेवर काढला नाही तर संपलं. हस्तिदंती काचेला फिरोजी काच टेकली की मधे काळपट रेघ उमटते, गंधक आणि तांब्याचं जुनं वैर. ती ज्योतीतच उमटते, पण बिल भट्टीच्या नावावर फाटतं.

यावर सल्ले भरपूर मिळतात. शेजारच्या काकूंनी तुरटीच्या पाण्यात बुडवायला सांगितलं. मावसबहिणीला मुलीच्या साखरपुड्यासाठी राणी रंगाची माळ हवी होती. ती म्हणाली, "फोटोत होता ना, अगदी तसाच कर." जणू तसाच करायचं माझ्या डोक्यातच नव्हतं.

कामाचा माणूस घरातच निघाला. माझे सासरे, म्हणजे बाबा, वीज खात्यातून निवृत्त झालेत. भट्टीशी त्यांचं नातं इतके दिवस युनिटपुरतंच होतं. एकदा त्यांनी डिस्प्लेवरच्या ५१० कडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, ही तापमान मोजणारी तार कोपऱ्यात खुपसलेली आहे. ती कोपऱ्याचं सांगते. तुझ्या मण्याचं तिला काय ठाऊक?" मग एकाच कांडीचे मणी भट्टीत जागोजागी ठेवून त्यांनी कालनिर्णयाच्या पाठीवर नकाशा काढला. भट्टी तापवणाऱ्या वेटोळ्याच्या कडेचा मणी विटकरी, मधला बरा, दारापाशी फिकट. बाबांनी विटकरी जागेला लाल पेनाने 'धोका' लिहिलं आणि खाली सहीसुद्धा केली.

खरा घात करतो तो वेळ. संध्याकाळभर मणी करत बसलं की पहिला मणी शेवटच्याची वाट बघत तासन्‌तास ५१० वर शेकत राहतो. लहान मण्याला खरं तर अर्धा-पाऊण तास पुरतो. म्हणून रुसणारे रंग सगळ्यात शेवटी करायचे आणि वेटोळ्यापासून लांब ठेवायचे. नाहीतर त्यांना सिरॅमिकच्या गोधडीत निवू द्यायचं आणि नंतर वेगळ्या घाण्यात, हळूहळू तापवत, भट्टी दहा-पंधरा अंश खाली ठेवून थोडा जास्त वेळ द्यायचा. दर वेळी त्याच कांडीचा एक फालतू मणी सोबत ठेवायचा, बळीचा बकरा म्हणून. ताण गेला का, हे पोलराइझ्ड फिल्मचे दोन तुकडे आडवे-उभे धरून मधे मणी ठेवला की कळतं. अंधारात उजळ डाग दिसले तर ताण आहे.

साखरपुड्याच्या मण्यांना हे सगळे सोपस्कार झाले. गुलाबी शेवटी केला, गोधडीत निवला, बाबांच्या नकाशातल्या मधल्या चौकोनात बसला. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून घाणा बुधवारी लावला. लाइट बुधवारी गेली.

छोटी भट्टी, भराभर निवली. मणी काढले तर रंग अप्रतिम, राणी म्हणजे राणी. फिल्ममधून पाहिलं तर सगळीकडे उजळ डाग. काच उदार असते, अॅनीलिंग पुन्हा करता येतं. फक्त त्या फेरीत गुलाबी आणखी पिकायचा धोका. बाबा म्हणाले, "उद्या गुरुवार आहे, उद्या नक्की लाइट असेल."

मी मावसबहिणीला फोन लावला आणि साडी अजून घेतली नसेल तर शुक्रवारपर्यंत थांब म्हणून सांगितलं.