पंख्याची पिच कमी करणं ही मलमपट्टी नाही

नमस्कार,

कमी ताकदीची बोट पाण्यावर उचलून पळवण्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही तसंच द्यायला हवं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या २४ फुटी बोटीला १३० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन मुळातच तोकडं आहे. पंख्याची (प्रोपेलरची) पिच, म्हणजे एका फेऱ्यात त्याने पुढे सरकायला हवं ते अंतर, १९ इंचांवरून १६ वर आणणं आणि ट्रिम टॅब, म्हणजे बोटीच्या शेपटीला खाली-वर होणारे पत्रे, लावणं ही मलमपट्टी, शिवाय त्यामुळे वरचा वेग मारला जातो. खरा उपाय मोठं इंजिन. आणि ‘बोट उचलेपर्यंत थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवा’ हे माझं वाक्य वाचून एखादा माणूस इंजिन जाळून बसेल.

यातला शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. पंखा जड, म्हणजे जास्त पिचचा, असेल तर डिझेल इंजिन पूर्ण थ्रॉटलला ठरलेल्या फेऱ्यांच्या (आरपीएम) बरंच खाली अडकतं; माझं २,७०० वर अडकत होतं. पंप तेल पूर्ण देत राहतो, पण तेवढं जाळायला हवा पुरत नाही. काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतो आणि व्हॉल्व्ह-पिस्टन त्याची किंमत मोजतात. ते वाक्य मी लेखात बदललं आहे. वीस-पंचवीस सेकंदांत बोट उचलली नाही तर थ्रॉटल मागे घ्यायचा आणि कारण शोधायचं. तुम्ही हे लक्षात आणून दिलंत, याबद्दल मनापासून आभार.

पण ‘इंजिन तोकडं’ हा निकाल मला मान्य नाही. निदान इतक्या लवकर तरी नाही. माझ्या बोटीची पाण्यावरची लांबी २२ फूट आहे. सव्वासहा नॉटांच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास तिने उठवलेली लाट बरोबर तिच्याच लांबीची होते. त्यापुढे वेग वाढवला की मागचा भाग खळग्यात बसतो, तोंड आकाशाकडे जातं आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढायला लागते. सात ते अकरा नॉट हा तो चढ. तो पार झाला की तळाखालचं पाणी बोटीला वर उचलून धरतं (यालाच प्लेनिंग म्हणतात), भिजलेला भाग कमी होतो आणि तेच इंजिन मोकळं पळतं. म्हणून कमी ताकदीच्या बोटीचा प्रश्न वरच्या वेगाचा नसतो, तो या चढावरच्या जोराचा असतो. इंजिन खरोखर किती जोर देतं हे बघायचं, तर आधी त्याला त्याच्या फेऱ्यांपर्यंत जाऊ द्यायला हवं.

माझे आकडे मी लेखात दिले नव्हते, ते द्यायलाच हवे होते. इंजिनाचे ठरलेले फेरे ३,८००, गिअर १.९५ ला १, म्हणजे इंजिनाचे १.९५ फेरे झाले की पंख्याचा एक. जुन्या १९ इंची पंख्यावर, कर्ली नदीच्या सरळ पट्ट्यात, भरतीच्या विरुद्ध आणि भरतीबरोबर अशा दोन्ही खेपांची सरासरी काढली, तर २,७०० आरपीएमला साडेनऊ नॉट मिळत होते. त्या फेऱ्यांना त्या पंख्याने घसरगुंडी (पंखा पाण्यात निसटणं) नसती तर साडेएकवीस नॉट कापायला हवेत. म्हणजे निम्म्याहून जास्त जोर नुसतं पाणी मागे फेकण्यात जात होता. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) पूर्ण भरण्याआधीच पंखा इंजिनाला दाबून टाकत होता. करूळ घाट चौथ्या गिअरमध्ये चढायला घेतला तर गाडीचं जे होईल, तेच. १६ इंची पंख्यावर आज ३,७०० आरपीएम आणि साडेएकोणीस नॉट मिळतात, घसरगुंडी बावीस टक्क्यांच्या आसपास. तुम्ही म्हणता तसा वरचा वेग गेला का? १९ इंची पंख्याचे कागदावरचे जवळपास तीस नॉट गेले, हे खरं. पण ते नॉट त्या बोटीने कधी पाहिलेच नव्हते.

आता वजन. तुमच्या प्रतिक्रियेत माझ्या बोटीच्या वजनाचा उल्लेख एकदाही आला नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. कॅटलॉगात माझ्या बोटीचं कोरडं वजन २,०५० किलो लिहिलेलं आहे. महामार्गालगत ट्रक जिथे तोलतात त्या वजनकाट्यावर मी ट्रेलरसकट बोट चढवली. ट्रेलरचं वजन वजा करून आकडा आला २,७९०. मी पावती दोनदा वाचली. डेकखालचा फोम उघडला तर तो स्पंजासारखा पाणी धरून बसला होता. जुनी बोट असेल तर हे हमखास तपासा: वरून सगळं कोरडं दिसतं, आणि आत वर्षानुवर्षांचं पाणी. फक्त ओला फोम काढून १९० किलो उतरले. मधल्या एका मालकाने जुन्या लाकडी फळीवरच दुसरी फळी बसवली होती, ती काढली. गोड्या पाण्याची ९० लिटरची टाकी दिवसभराच्या फेरीला भरलेली कशाला हवी? तीही रिकामी केली. जादा नांगर आणि साखळी किनाऱ्यावर ठेवली. काट्यावर पुन्हा नेली तेव्हा २,३८० किलो. एका अश्वशक्तीमागे साडेएकवीस किलो होते, ते सव्वाअठरावर आले. एका अश्वशक्तीमागे अठरा किलोंच्या आसपास बोट कशीबशी प्लेनिंगवर येते, अकरा-बारा किलोंना आरामात, असा जुना अंदाज आहे. मी काठावरच आहे, हे मान्य करतो. पण काठाच्या अलीकडे की पलीकडे, हे त्या ४१० किलोंनी ठरवलं.

तुम्ही सुचवलेलं मोठं इंजिन नुसतं अश्वशक्ती वाढवत नाही. ते स्वतःचं वजन घेऊन येतं, तेही नेमकं बोटीच्या शेपटीवर, जिथे ते सगळ्यात जास्त नडतं. माझा स्टर्नड्राइव्ह (शेपटीबाहेरचा गिअर आणि पंख्याचा भाग) ज्या टॉर्कसाठी, म्हणजे फिरवण्याच्या जोरासाठी, बनवलेला आहे, तो ओलांडला की पुढचा खर्च गिअरचा.

ट्रिम टॅब म्हणजे ब्रेक, असं तुम्ही लिहिलंत. पूर्ण वेगात ते खरं आहे, म्हणून तिथे मी टॅब वर घेतो. चढावर मात्र गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या डॅनियल सॅविट्स्की यांनी १९६४ मध्ये प्लेनिंग तळांचं गणित मांडलं. प्लेनिंग करणाऱ्या तळाला सगळ्यात कमी विरोध चार-पाच अंशांच्या तिरकेपणाला होतो, हे त्यातून दिसतं. माझी बोट चढावर नऊ अंशांपर्यंत तोंड वर करत होती. टॅब खाली, ड्राइव्ह आत (बोटीकडे) वळवलेला आणि दोन्ही बॅटऱ्या शेपटीकडून मधल्या बाकाखाली, एवढ्यावर ती सहापर्यंत उतरली. कोन मी केबिनच्या भिंतीवर लावलेल्या सुताराच्या साध्या गोल लेव्हलने मोजले, म्हणून अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे धरा.

तळ घासून साफ असणं मी गृहीत धरतो. शिंपले चढलेल्या तळावर कुठलीही चाचणी करू नये.

हवेचा मुद्दा लेखात राहून गेला होता, तुमच्यामुळे आठवला. इंजिनांची अश्वशक्ती २५ अंशांच्या हवेवर ठरवतात. मालवणात मे महिन्यात इंजिनाच्या पेटीतली हवा त्याच्या दुपटीवर जाते, तेव्हा १३० हा आकडा मिळणारच नाही. पूर्ण थ्रॉटलला, फिरणाऱ्या पट्ट्यांपासून कपडे आणि हात दूर ठेवून, पेटीचं झाकण उघडून बघा. फेरे शंभरभर जरी वाढले, तरी इंजिन गुदमरतंय हे नक्की. मी दोन्ही बाजूंच्या जाळ्या मोठ्या केल्या आणि उन्हाळ्यातला फरक कानाला कळण्याइतका आहे.

तुम्ही उदाहरण दिलेली तुमच्या गिऱ्हाइकाची २६ फुटी बोट आणि ९० अश्वशक्ती, याबद्दल मात्र माझं मत तुमच्यासारखंच आहे. तुम्ही सांगता तसं वजन ३,२०० किलो असेल तर एका अश्वशक्तीमागे पस्तीस किलोंहून जास्त होतात. तिथे पंखा बदलून किंवा टॅब लावून काही होणार नाही, आणि मीही तसा सल्ला देणार नाही. ती बोट साडेसहा नॉटांच्या आत चालवली तर डिझेल कमी जाळेल आणि इंजिन वर्षानुवर्षं टिकेल. पण ते ३,२०० मोजलेले आहेत की अंदाजाचे? अंदाजाचे असतील, तर इंजिनाचं कोटेशन देण्याआधी बोट एकदा काट्यावर न्यायला सांगा. पावती, गिअरचं प्रमाण आणि पूर्ण थ्रॉटलचे फेरे मला पाठवा. पंख्याचा हिशेब मी करून देतो.