'सरडाप्रेमी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

सरडाप्रेमी भाऊ (की ताई, नाव टाकलंच नाही तुम्ही),

बिअर्डेड ड्रॅगन आणि ब्लू टंग स्किंक हे माझे दोन पाळीव सरडे एकाच टेरॅरियममध्ये (सरड्यांच्या काचेच्या टाकीत) ठेवल्याच्या माझ्या पोस्टवर तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तुमचं म्हणणं, दोघांचं तापमान वेगळं, एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात, स्किंकचा जबडा गोगलगायीचं कवच फोडतो तर ड्रॅगनचा पाय काय चीज आहे, आणि हे प्राणी मुळात सोबतीने राहणारे नाहीतच. बरं. मुद्दे आहेत, मांडले, काही हरकत नाही. पण शेवटी जे वाक्य चिकटवलं नं, "टेरॅरियम म्हणजे बर्डीच्या दुकानाचं शोकेस नव्हे, चार वस्तू मांडल्या की झालं", त्याची काय गरज होती बाप्पा?

माझ्या बाबांनी नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डी) मेन रोडवर एका साडीच्या दुकानात २६ वर्षं शोकेसच लावलं. चार वस्तू मांडल्या की झालं असं असतं तर मालकाने कोणालाही उभं केलं असतं. कोणती साडी कोणत्या साडीशेजारी उठून दिसते आणि कोणती शेजारी ठेवली की दोन्ही मरतात, हे बाबा नुसतं पाहून सांगायचे, दिवाळीच्या आधी तर रात्री बारा बारा वाजेपर्यंत काचेच्या आत उकडत उभे राहायचे. तेव्हा शोकेस हा शब्द असा हलक्यात वापरायचा नाही, निदान नागपूरच्या माणसासमोर तरी नाही.

आणि मी काही काल व्हिडिओ पाहून आज सरडा आणणाऱ्यातला नाही. अकरा वर्षं झाली, पहिला लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाल) कॉलेजात असताना घेतला. जंगलातलं काही उचलून आणलेलं नाही, घोरपड वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. इथं मे महिन्यात पारा ४५ ला जातो, बाहेरचे लोक हीट लॅम्प कोणता घेऊ विचारत असतात आणि आम्हाला पडलेलं असतं की गारवा आणायचा कुठून, कूलर त्याच खोलीत लावावा तर ती ओल ड्रॅगनला सोसत नाही. मागच्या नवतप्यात (मे अखेरचे ते नऊ कडक दिवस) लाईट गेली तर बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून, जाळीवर ठेवून पहाटे चारपर्यंत बसलो होतो. तुम्ही त्या रात्री काय करत होते?

तापमानाचं म्हणाल तर दोघंही ऑस्ट्रेलियाचेच. खडकूला (ड्रॅगन) लॅम्पखाली ४० डिग्री लागतं, निळोबाला (स्किंक) ३५ च्या आसपास पुरतं, थंड कोपरा २५-२७ दोघांनाही चालतो, चार फुटाच्या टाकीत हे बसतं. आता लॅम्पखालचा दगड एकच आहे आणि त्यावर बहुतेक वेळा निळोबाच पसरलेला असतो हे खरं, पण खडकू समजूतदार आहे, निळोबा उठेपर्यंत बाजूला थांबून राहतो. भांडण नाही, तंटा नाही. चावायचं असतं तर आतापर्यंत चावला असता.

जंतूंचं: दोघांची शी डॉक्टरांकडे तपासून आणली, काही निघालं नाही. विषय संपला.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, मी काही हटवादी माणूस नाही. पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की खडकू निळोबाला पुढचा पाय हलवून टाटा करतो. तो टाटा नाही, "मी हरलो, मला काही करू नको" असा इशारा असतो, हे तुमचं बरोबर आहे. फोटोखालची ओळ बदलली आहे. चूक छोटीशीच होती पण होती.

राहिलं वजन. तुम्ही दोन फोटो शेजारी ठेवून म्हणता की खडकूची शेपटी बुडाशी बारीक झाली. हो, ३८० ग्रॅमचा ३४५ झालाय. शेवग्याचा पाला देऊन राहिलो, डुबिया झुरळं देऊन राहिलो, पण एवढ्या उन्हाळ्यात कोण जेवतं? माझंच दोन किलो उतरलं.

बाकी तुमचं "प्राण्यांवर दया करा" वगैरे मी सोडून देतो, त्याला उत्तर द्यायला बसलो तर भाषा बिघडेल.

आणि हो, रविवारी इतवारीतून पॉलीकार्बोनेटची शीट आणली, टाकीच्या मधोमध बसवून राहिलो. ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे नाही, निळोबा आता मोठा झाला म्हणून. पलीकडच्या बाजूला वेगळा लॅम्प आणि यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्या अतिनील किरणांसाठीची) लागेल, दोन फुटाच्या जागेत कोणती बसते हे माहीत असेल तर लिहा. पण जरा नीट शब्दांत.