शिकारीला निघताय? आधी स्पीकर चार्ज करा

दिवाळी झाली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की तुमचे हात शिवशिवायला लागतात. साहजिक आहे. ज्या कोल्हापुरात राजेलोक शिकवलेले चित्ते हरणांवर सोडायचे, तिथल्या माणसानं मटणाच्या दुकानासमोर पिशवी घेऊन रांगेत उभं राहावं, हे शोभत नाही. त्या चित्त्याचं पुढं काय झालं ते मात्र विचारू नका. १९५२ साली तो देशातून संपल्याचं जाहीर झालं. शिकारी माणूस असले हिशेब ठेवत नाही.

तो एकच हिशेब ठेवतो, आजोबांचा. शिकारीला निघायचं तर आधी घरात एक आजोबा पाहिजेत, शक्यतो वारलेले. तुम्ही चौथीत होता तेव्हा आजोबांच्या जाळ्यात एका रात्रीत सात ससे सापडले होते. तुमच्या लग्नात त्यांचे अकरा झाले. परवाच्या जत्रेत चौदा झाले आणि वर एक साळिंदर. घाबरू नका, असंच चालू द्या. माळावरचे ससे जितके कमी होतील तितके आजोबांच्या जाळ्यातले वाढले पाहिजेत. निसर्गाचा समतोल म्हणतात तो हाच.

साहित्याचं म्हणाल, तर आजोबांकडं एक जाळं, एक काठी आणि एक खरजेलं कुत्रं होतं. तुमच्याकडं बोलेरो आहे, कपाळाला बांधायच्या बॅटऱ्या आहेत, पॉवर बँक आहे आणि तितराचा आवाज भरलेला ब्लूटूथ स्पीकर आहे. माणसं किमान सहा घ्या. तितर भरतो पाव किलोच्या आसपास. पिसं, आतडी काढली, सहा वाटे केले, की प्रत्येकाच्या ताटात रस्साच येतो. पण तांबडा-पांढरा पिऊन वाढलेल्या माणसाला रश्श्याचं वावडं कशाला?

कायद्याची काळजी नको, तो वाचायचाच नसतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फासा लावणं, आमिष टाकणं, हाकलणं, पाखराची अंडी उचलणं, सगळं शिकारीतच धरलंय. म्हणजे ‘साहेब, आम्ही नुसता हाकलत होतो’ हा तुमचा ठेवणीतला जबाब हा गुन्ह्याचा कबुलीजबाबच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सशा-तितरासाठीही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. घोरपड धरलीत तर किमान तीन वर्षं आत. एवढं असूनही फोटो स्टेटसला टाकायला विसरू नका. वनरक्षकाला डोंगर तुडवायला लावण्यापेक्षा पुरावा घरपोच केलेला बरा.

आता खार. दारातल्या आंब्यावरची खार ही पोरांची प्राथमिक शाळा. माध्यमिकला शेकरू. राधानगरी-दाजीपूरचं रान ही संस्थानाची शिकारीची राखीव जागा, १९५८ साली तिचं अभयारण्य झालं, आणि शेकरू तर राज्यप्राणी! मग मान राखायला नको? नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन फूट, त्यातली निम्म्याहून जास्त शेपूट, वजन दोन किलोच्या आत-बाहेर. फोटोत मोठं, भांड्यात लहान. आणि त्याला बंदूकही लागत नाही. ते जमिनीवर क्वचितच उतरतं, या फांदीवरून त्या फांदीवर वीस-वीस फुटांची उडी मारत जातं. वाटेतली चार झाडं तोडा. बाकीचं ते स्वतःच बघून घेतं.

खरं सांगायचं तर गावातल्या सगळ्यात पट्टीच्या शिकाऱ्यानं उभ्या जन्मात बंदूक धरलेली नाही. आमच्या शेजारचे तात्या माळकरी आहेत. अंडंसुद्धा खात नाहीत. त्यांचा बांध पूर्वी दोन हात रुंद होता. त्यावर बोरी, बाभळी, गुडघाभर गवत. रात्री तितर बोरीवर झोपायचे, अंडी गवतातल्या खळग्यात घालायचे आणि पिलं बांधावरचीच वाळवी, किडे टिपून मोठी व्हायची. ससाही दिवसभर त्याच गवतात अंग चोरून पडायचा. तात्यांनी बांध दोन्ही अंगांनी कोरत आणला. आता मांजराला आडवं जायचं तर तिरकं व्हावं लागतं. जो काही उरलाय तो तणनाशकानं वर्षातनं तीनदा पिवळा करतात. पाठीवर पंप, गळ्यात माळ, तोंडानं हरिपाठ. तात्या एका फवारणीत जे साधतात ते तुमच्या बोलेरोला दहा हिवाळ्यांत जमायचं नाही. गुरू करायचा तर असा करा.

एवढं करून जे वाचलं ते उसात लपतं. म्हणून तोडीच्या शेवटच्या दिवशी हजर राहा. फडाच्या शेवटच्या चार सऱ्या उरल्या की आतला ससा, मुंगूस, रानमांजर, सगळे एकदमच बाहेर पळतात आणि बांधावर काठ्या घेऊन निम्मी वाडी उभी असते. उरलंसुरलं पाचट पेटवलं की हिशेब मिटतो.

पुढच्या वर्षी रान मोकळं दिसलं तर दोष मुंगसाला द्या. नाहीतर मोरांना, भटक्या कुत्र्यांना, गेलाबाजार फॉरेस्टवाल्यांना.

स्पीकरचं मात्र मनावर घ्या, कारण तंत्रज्ञान फार पुढं गेलंय. गेल्या थंडीत माझा मावसभाऊ चार दोस्तांना घेऊन पन्हाळ्याकडच्या एका माळावर पहाटे जाऊन बसला. दगडामागं स्पीकर ठेवला, आवाज लावला. पाच मिनिटांत पलीकडच्या ओघळीतनं उत्तर! यांनी वाजवलं की तिकडनं येतंय, यांनी थांबवलं की तिकडंही गप्प. आपल्या हद्दीत दुसरा नर ओरडला की तितर असाच चिडतो. पाऊण तास पाचही जण कुसळांतनं पोटावर सरकत गेले. उजाडता उजाडता एका बोरीच्या झुडपापाशी पोचले, तर समोरनं शेजारच्या गावची चार पोरं, तीही पोटावरच. त्यांच्यातल्या एकाच्या हातात स्पीकर.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो पोरगा कोपरावर उठत म्हणाला, “भावा, तुमचा आवाज लई खरा वाटत हुता. कुठनं डाउनलोड केलास?”

भावानं तिथंच पाठवून दिला.